ग्लेन शीलची सात शिखरं: एकट्याने, एका दिवसात

कळसूबाई १६४६ मीटर. बेन नेव्हिस, म्हणजे अख्ख्या ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर, १३४५ मीटर. हे दोन आकडे शेजारी ठेवले की आपल्याकडचा कुठलाही ट्रेकर म्हणतो, मग त्यात काय एवढं! कोल्हापुरातून शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेली बरीच मुलं याच हिशोबाने स्कॉटलंडच्या डोंगरांत शिरतात. पण त्यात दोन गोष्टी धरायच्या राहून जातात. कोल्हापूर शहरच समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. पन्हाळ्याची निम्मी उंची आपण घरात बसल्या जागी चढलेलो असतो. तिकडे पायथा बहुतेक वेळा समुद्राला टेकलेला. आणि दुसरं म्हणजे अक्षांश. आपण १७ अंशाच्या अलीकडे, ते ५७ अंशावर. तिथल्या हजार मीटरवर झाड नाही, आडोसा नाही, आणि जूनमध्येसुद्धा हातमोजे लागतात.

ही नोंद ज्यांनी पन्हाळा-पावनखिंड पायी केलं आहे, सह्याद्रीत नकाशा वाचून चालता येतं, आणि आता स्कॉटलंडमध्ये एकट्याने एक मोठा दिवस चालायचा विचार आहे, अशांसाठी आहे. पहिलाच डोंगर असेल तर आधी बरोबर माणूस घेऊन एक-दोन छोटी शिखरं करा. त्यासाठी दुसऱ्या चांगल्या जागा भरपूर आहेत.

तिकडे ३००० फूट, म्हणजे ९१४.४ मीटरच्या वरच्या डोंगरांना मन्रो म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये त्यांची पहिली यादी छापली, म्हणून ते नाव. आजच्या यादीत २८२ आहेत. त्यातले सात एकाच धारेवर ओळीने उभे आहेत: ग्लेन शील खोऱ्याच्या दक्षिणेची धार. पूर्वेकडून पश्चिमेला क्रेग अ व्हाइम (९४७ मीटर), द्रुइम हिऑनाख (९८७), अनाख एर ख्रिह (१०२१), मूल खिन ज्येराग (९८१), स्गूर अन दोर लेहन (१०१०), स्गूर अन लोखन (१००४) आणि क्रेग नन दाव (९१८). एकूण चाल साधारण २७ किलोमीटर, चढाई २००० मीटरच्या आसपास. दोर लागत नाही. दोन-तीन ठिकाणी हात टेकावे लागतात, तेवढंच. एकट्याने करायच्या लांब चालीसाठी मला हीच धार योग्य वाटते, कारण एकदा वर चढलात की उंची फारशी गमवावी लागत नाही आणि उत्तरेला खाली कायम डांबरी रस्ता आहे.

सुरुवात आणि पहिला चढ

ग्लासगोच्या बुकॅनन बसस्थानकातून स्काय बेटाकडे जाणारी बस याच खोऱ्यातून, ए८७ रस्त्याने जाते. चार-साडेचार तासांचा प्रवास. जागा आधी आरक्षित करा. दिवसाला थोड्याच फेऱ्या असतात. सुरुवात क्लूनी इन या हॉटेलाजवळून, उंची साधारण २१५ मीटर. हॉटेलच्या किंचित पूर्वेला तलावाच्या टोकावरून दक्षिणेला एक जुना, गाड्यांसाठी बंद असलेला रस्ता जातो. त्यावरून सहा किलोमीटरच्या आसपास चालायचं. हा भाग कंटाळवाणा आहे पण उपयोगाचा आहे: पाय तापतात आणि अंधुक उजेडातही चुकायला वाव नाही. रस्ता चढून पलीकडे उतरायला लागला की ओढ्यावरच्या पुलाजवळ उजव्या हाताला एक जुनी पायवाट फुटते. शिकारी लोकांसाठी बांधलेली ही वाट नागमोडी वळणं घेत क्रेग अ व्हाइमच्या आग्नेय सोंडेवर चढते.

इथे पुलाजवळ पाणी भरा. दिवसातली ही सर्वांत महत्त्वाची थांबायची जागा आहे. वर धारेवर पाणी नाही. खाली उत्तरेच्या दऱ्यांत छोटी तळी चमकताना दिसतात, पण तिथे उतरून परत चढणं म्हणजे दिवस घालवणं. दोन ते अडीच लिटर पुरतं, कारण आपल्यासारखा घाम तिथे गळत नाही. पण तहान लागत नाही म्हणून पाणी न पिणं ही तिथली नेहमीची चूक आहे. थंड वाऱ्यात शरीर कोरडं पडतं आणि दुपारी दोनच्या सुमारास डोकं दुखायला लागतं, पायात गोळे येतात. प्रत्येक शिखरावर चार घोट, तहान असो वा नसो.

घड्याळाचा हिशोब

विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ चा नियम तिकडचे चालणारे आजही वापरतात: सपाटीवर ताशी पाच किलोमीटर, आणि चढाईच्या प्रत्येक १०० मीटरला दहा मिनिटं जादा. या धारेला तो लावला तर पावणेनऊ तासांच्या आसपास येतात. त्यात थांबणं, खाणं, कपडे बदलणं, ढगात नकाशा काढून उभं राहणं काहीच धरलेलं नाही. साडेदहा ते बारा तास धरा.

सकाळी सहाला निघालात तर साधारण असं जमावं. क्रेग अ व्हाइम सव्वानऊ. द्रुइम हिऑनाख पावणेदहा ते दहा. अनाख एर ख्रिह, म्हणजे धारेवरचा सर्वांत उंच माथा, अकराच्या आत. मूल खिन ज्येराग बारा. तिथून दोर लेहन एक, लोखन पावणेदोन, शेवटचं क्रेग नन दाव तीन, रस्त्यावर पाचच्या आसपास. हे आकडे पोस्टकार्डएवढ्या कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि खिशात ठेवा. प्रत्येक माथ्यावर खरी वेळ शेजारी लिहा.

या कागदाची गरज मूल खिन ज्येरागवर पडते. धारेच्या मधोमध, चौथ्या शिखरावरून उत्तरेला एक लांब सोंड थेट ए८७ वर उतरते आणि तिच्यावर बरी पायवाट आहे. बाकी उत्तरेच्या बाजूला बहुतेक ठिकाणी कातळी, खोल दऱ्या आहेत. ढगात तिकडे उतरायला जाऊ नये. म्हणून नियम घरीच ठरवायचा: दोन वाजून गेले असतील, वारा वाढला असेल किंवा गुडघा कुरकुरत असेल तर इथून खाली. सातपैकी चार झाले, रस्त्यावर सुखरूप आलो, उरलेले तीन पुढच्या खेपेला. सोबत कुणी असलं की वाद घालायला माणूस असतो. एकटं असलं की आपलंच मन आपल्याला पटवतं, "एवढं आलोच आहे तर." तेव्हा निर्णय रात्री जेवणाच्या टेबलावर, पोट भरलेलं आणि अंग गरम असताना घ्यावा आणि वर फक्त पाळावा.

दक्षिणेला कधीही उतरू नका. ती बाजू वरून सौम्य, गवताळ दिसते आणि दमलेल्या माणसाला बोलावते. पण खाली ग्लेन क्वॉइखचा ओसाड भाग आहे. ना जवळ रस्ता, ना वस्ती. पावनखिंडीच्या वाटेवर करपेवाडी, पांढरेपाणी अशी गावं लागतात, कुणीतरी चहा विचारतं. इथे दक्षिणेला चुकून उतरलात तर परत चढून येणं हाच बहुधा जवळचा मार्ग असतो.

वारा

मोठा चढ पहिल्या सव्वातीन तासांत संपतो. उरलेला दिवस वाऱ्याचा. धार पूर्व-पश्चिम आहे आणि तिथला नेहमीचा वारा पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा, म्हणजे पूर्वेकडून निघालात तर तो दिवसभर तोंडावर. माफक असेल तर चालतं. जोराचा पश्चिमेचा वारा सांगितला असेल तर चाल उलटी करून पाठीवर घेता येते, मात्र मग पहिला चढ जास्त उभा पडतो आणि संध्याकाळी तो लांबलचक रस्ता उरतो. दक्षिणेचा वारा मला सर्वांत वाईट वाटतो. तो तुम्हाला उत्तरेच्या कड्यांकडे ढकलतो, आणि धार नेमकी द्रुइम हिऑनाखच्या आधी व अनाख एर ख्रिहच्या पश्चिमेला अरुंद होते.

अंदाजासाठी माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचं पान बघा. फोनमधलं नेहमीचं हवामान खालच्या गावाचं असतं, त्याचा इथे उपयोग नाही. या पानावर माथ्यावरचा वारा ताशी मैलांत देतात. ३० मैल म्हणजे चाल मंदावते. ४० मैल म्हणजे झोताबरोबर तोल जातो. एकट्या माणसाने ३५ मैल, म्हणजे साधारण ५५ किलोमीटरच्या वरचा अंदाज असेल तर ही धार धरू नये. त्या दिवशी खोऱ्यातलं काहीतरी चाला.

थंडीचा हिशोब असा. दर १०० मीटरला तापमान अर्ध्या अंशाहून थोडं जास्त उतरतं. हॉटेलपाशी १० अंश असेल तर माथ्यावर पाच. त्या पाच अंशात ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते शून्याच्या खालचं, उणे एकच्या जवळचं वाटतं. आणि अंग ओलं असेल तर त्याहून वाईट. गगनबावड्याचा पाऊस तिथल्यापेक्षा जोरदार असतो, पण तो कोमट. दिवसभर भिजून घरी येऊन गरम चहा घेतला की झालं. तिथे भिजलेला सुती टी-शर्ट अंगावर राहिला तर तासाभरात दात वाजायला लागतात, मग बोटं बधिर होतात, मग बॅगेची चेन उघडत नाही. चेन उघडत नाही म्हणून आतलं कोरडं जाकीट अंगावर येत नाही. एकट्या माणसाचं गाडं तिथेच अडतं. म्हणून जादा कपडे थंडी वाजायच्या आधी, चढ संपून धारेवर पाय ठेवायच्या अलीकडे, आडोशाला थांबून घालायचे.

कपड्यांत जीन्स नाही, सुती काहीही नाही. आत लोकरीचा किंवा पटकन वाळणारा कृत्रिम धाग्याचा बनियन, वर फ्लीस, त्यावर टोपी असलेलं खरं वॉटरप्रूफ जाकीट आणि वॉटरप्रूफ पँट. पँट लोक विसरतात आणि मग मांड्या गारठतात. बॅगेत कृत्रिम भरावाचं एक जाड जाकीट, लोकरीची टोपी, हातमोज्यांचे दोन जोड (एक वाऱ्याने उडतोच). आपल्याकडे पावसाळी ट्रेकला चालणारा पोंचो तिथे शिडासारखा फुगतो आणि पायाखालचं दिसू देत नाही. तो घरीच ठेवा. बूट घोट्याच्या वर येणारे, खोल दात्यांचे. खालच्या भागात जमीन म्हणजे काळा, स्पंजासारखा दलदलीचा थर असतो, पाय घोट्यापर्यंत जातो. वर शिस्ट जातीचा खडक, ओला झाला की निसरडा. आपल्या सड्यावरच्या खरखरीत जांभ्याची सवय असलेल्या पायाला तो सुरुवातीला फसवतो. अरुंद जागी काठ्या घडी करून बॅगेला लावा, दोन्ही हात मोकळे हवेत.

ढगात

ढग खाली आला तर धार सोडून भरकटणं अवघड आहे, असं पुष्कळ लोक सांगतात. ते अर्धंच खरं आहे. चुका माथ्यांवर होतात. अनाख एर ख्रिहवरून एक सोंड उत्तरेला जाते आणि ती मुख्य धारेसारखीच ऐटीत सुरू होते. स्गूर अन दोर लेहनचा माथा मुख्य धारेपासून थोडा उत्तरेला सुटा आहे. तिथे दगडांच्या ढिगापर्यंत जायचं, आलो त्याच वाटेने धारेवर परतायचं आणि मग पश्चिमेला वळायचं. माथ्यावरून सरळ पुढे उतरत गेलात तर कातळात उतराल. म्हणून प्रत्येक माथ्यावर एकच सवय: थांबा, नकाशा काढा, होकायंत्राने पुढची दिशा घ्या, पन्नास पावलं चालून जमीन नकाशाप्रमाणे वागते आहे का बघा.

नकाशा कागदी हवा. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५००० प्रमाणाचा एक्स्प्लोरर ४१४. त्यावर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि जाळीचे चौकोन एक किलोमीटरचे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०००० नकाशांची सवय असेल तर एक फरक ध्यानात ठेवा: आपल्या समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात, त्यांच्या १० मीटरच्या. तोच चढ त्यांच्या नकाशावर दुप्पट रेषांनी भरलेला दिसतो. फोनमध्ये नकाशा उतरवून घ्याच, पण पावसाचे थेंब पडलेली काच बोटाला दाद देत नाही आणि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. फोन आतल्या खिशात, अंगाशी.

अजून एक बारीक गोष्ट. मदत मागताना डोंगराचं नाव सांगायला जाऊ नका. ती गेलिक नावं ऐन वेळी ना तुम्हाला नीट उच्चारता येतील ना फोनवर नीट ऐकू जातील. नकाशाच्या जाळीवरून वाचलेला ग्रिड रेफरन्स सांगा: दोन अक्षरं आणि सहा अंक, त्याने १०० मीटरचा चौकोन कळतो. अक्षरं शंभर किलोमीटरच्या मोठ्या चौकोनाची असतात. पहिली सहा शिखरं एनएच या चौकोनात आहेत, शेवटचं क्रेग नन दाव मात्र एनजी मध्ये. लोखनच्या पुढे गेल्यावर अक्षरं बदलतात. ती चुकली तर अंक बरोबर असूनही तुम्ही शंभर किलोमीटर पलीकडे दिसाल.

मदतीसाठी ९९९, आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. ब्रिटनचं सिम असेल तर जायच्या आधी ९९९ वर 'रजिस्टर' असा इंग्रजी एसएमएस पाठवून नोंदणी करून ठेवा. बोलण्याइतकी रेंज नसली तरी संदेश जाऊ शकतो. खोऱ्यात रेंजचा भरवसा नाही. शिट्टी हवीच: मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. समोरून तीन वेळा वाजली तर ऐकू गेलं. बचाव पथकं स्वयंसेवकांची असतात, पैसे घेत नाहीत, पण पोहोचायला काही तास लागतात. तेवढा वेळ काढण्यासाठी नारिंगी प्लॅस्टिकची सर्व्हायव्हल बॅग आणि हेडलॅम्प, जूनमध्येसुद्धा.

कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कळवायचं, हे ब्रिटनमधल्याच एका माणसाला लिहून द्या. कोल्हापुरात आईला सांगून निघणं ठीक, पण तिच्यावर ही जबाबदारी टाकू नका. उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. तिथे रात्रीचे नऊ म्हणजे इथे दीड वाजलेला, आणि इथून ९९९ लागत नाही.

कधी, आणि कशाच्या जोरावर

मेचा मध्य ते जूनचा मध्य. त्या मानाने कोरडे दिवस, रात्री दहापर्यंत उजेड, आणि मिज नावाच्या चावऱ्या चिलटांचा ताप अजून भरात आलेला नसतो. वारा ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर असेल तर ती उडत नाहीत. खाली शांत ओढ्याकाठी मात्र डोळ्या-कानांत शिरतात. मेच्या सुरुवातीला उत्तरेच्या उतारांवर जुना बर्फ असू शकतो, त्यावर पाय टाकू नका. ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिथे हरणांच्या शिकारीचा मुख्य काळ असतो. २००३ च्या कायद्याने डोंगरात चालण्याचा हक्क सर्वांना आहे, तरी त्या काळात इस्टेटीच्या, म्हणजे तिथल्या जमीनमालकांच्या, सूचना बघून वाट ठरवावी. हिवाळ्यात ही धार बर्फकुऱ्हाड आणि क्रॅम्पॉनवाल्यांची (क्रॅम्पॉन म्हणजे बुटांखाली बांधायचे लोखंडी दाते).

तयारी कोल्हापुरात होते. रंकाळ्याला रोज दोन फेऱ्या मारून दम वाढेल, पण सपाटीवरचे पाय चढाला कामाला येत नाहीत. गायमुखाकडून जोतिबा, किंवा बुधवार पेठेतून पन्हाळा, पाठीवर सात-आठ किलो घेऊन. फोनमधल्या उंचीमापकावर एका सकाळी एकूण हजार मीटर चढाई होईपर्यंत वर-खाली. तीन महिने, आठवड्यातून एकदा. उतरताना घाई करू नका. मांड्यांच्या पुढचे स्नायू उतारावरच तयार होतात, आणि ग्लेन शीलमध्ये गुडघे जातात ते शेवटच्या उतरणीवर. शेवटच्या महिन्यात मसाई पठारावरून एक पूर्ण दिवसाची चाल, त्याच बुटांत, त्याच मोज्यांत.

खाणं खिशात राहील असं. वाऱ्यात डबा उघडून बसणं होत नाही आणि भडंग तर हातातून उडून जातो. शेंगदाण्याची चिक्की, गुळाचे खडे, चटणी लावून घट्ट गुंडाळलेली चपाती, गुळाची पोळी. दर तासाला थोडं. इथून नेताना दुधाचे पदार्थ, म्हणजे पेढे, बर्फी, खवा नेऊ नका. भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला ब्रिटनमध्ये बंदी आहे. ग्लासगोत आपल्याकडचा किराणा मिळतो.

शेवटची उतरण

लोखनच्या पुढे स्गूर बेग नावाचं ८९६ मीटरचं टेकाड लागतं. ते मन्रो नाही. दक्षिणेच्या अंगाने पायवाट त्याला वळसा घालते, तिनेच जा. क्रेग नन दाववरून थेट उत्तरेला उतरण्याचा मोह टाळा, तिथे उभा उतार आहे. आलात त्या पूर्वेच्या खिंडीत परत या आणि तिथून उत्तरेला ओढ्याकाठच्या वाटेने उतरा. जोराचा पाऊस झाला असेल तर इथले ओढे काही तासांत फुगतात. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर एकट्याने ओलांडू नका. वर चढून ओढा लहान होतो तिथे किंवा पुलाशी जा.

तुम्ही ए८७ वर बाहेर पडता ती जागा क्लूनी इनपासून दहा-अकरा किलोमीटर पश्चिमेला आहे. पायरस्ता नाही, गाड्या वेगात असतात. संध्याकाळी बसच्या भरवशावर राहू नका. मुक्काम पश्चिमेला, रटगन वसतिगृहात किंवा मॉर्विचच्या तंबूच्या जागेवर ठेवा आणि वाहनाची अडचण सकाळीच सोडवा: गाडी असेल तर उतरण्याच्या जागी लावून पहाटे सायकलने किंवा ठरवलेल्या टॅक्सीने क्लूनीला या. मग दिवसभर तुम्ही तुमच्या गाडीच्या दिशेने चालत असता आणि उशीर झाला तरी काही चुकत नाही.

रात्री झोपण्याआधी अंग तपासा. गवतात आणि नेच्यांत गोचिड्या असतात, कधी खसखशीच्या दाण्याएवढ्या. गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत बघा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, जळती काडी काही लावू नका, त्याने ती आतले जंतू उलट जखमेत सोडू शकते. तिथल्या काही गोचिड्यांतून लाइम नावाचा आजार होतो. चावल्यापासून तीन ते तीस दिवसांत गोल पसरत जाणारा लाल चट्टा उठू शकतो, ताप आणि अंगदुखी येऊ शकते. तोवर तुम्ही कोल्हापुरात परतलेले असाल. हा आजार इथे सहसा दिसत नाही, म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर स्कॉटलंडच्या डोंगरात कोणत्या तारखेला चाललात आणि गोचीड चावली होती, हे आधी सांगा. चट्ट्याचा फोटो काढून ठेवला असेल तर तोही दाखवा.